मुंबईचा नेव्हिल डिसोझा आणि मेलबर्नचे चार गोल



ज्यांना माझी ओळख नाही त्यांच्यासाठी सांगते. मी मूळची माझगावची, सर एली कदूरी शाळेत मॅट्रिकपर्यंत शिकलेली. १९६६ साली आईवडिलांबरोबर इस्राएलला आले, तिथेच नर्सिंग केलं आणि पुढची चाळीस वर्षं दक्षिणेकडच्या इस्पितळात काढली. आता गुडघे संपावर गेले आहेत, यजमानही राहिले नाहीत, म्हणून मुलीकडे सिंगापूरला बिशान नावाच्या वस्तीत राहते. चांगली जागा आहे. शेजारी मोठी बाग, बागेतून वाहणारी नदी, आणि नदीत ऊद. पहाटे फिरायला गेलं की ती ऊदमांजरं कुटुंबकबिल्यासह मासे खाताना दिसतात. पूर्वी या ठिकाणी चिनी लोकांचं प्रचंड कबरस्तान होतं, ते हलवून १९८० नंतर ही वस्ती उठवली. आमच्या आईने हे ऐकलं असतं तर इथे एक रात्र राहिली नसती!

बिशानला एक स्टेडियमही आहे, १९९८ सालचं, सहा हजार माणसं बसतील एवढं. सामना असला की त्याचे दिवे आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतात. माझा अकरा वर्षांचा नातू फुटबॉलने वेडा झालेला आहे, त्यामुळे लायन सिटी सेलर्स या तिथल्या क्लबच्या अर्ध्या खेळाडूंची नावं मलाही पाठ झाली. मे २०२५ मध्ये या छोट्याशा मैदानात आशियातल्या क्लबांच्या दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धेची फायनल झाली. सेलर्स शारजाच्या संघाकडून २-१ ने हरले. त्या रात्री नातू जेवला नाही. मी म्हटलं, अरे, तुझ्या पणजोबांनी एकदा असंच जेवण सोडलं होतं. त्याने विचारलं, कधी? मी म्हटलं, सांगेन कधीतरी. तो कधीतरी ऑक्टोबरमध्ये आला.

९ ऑक्टोबर २०२५, सुक्कोथचे दिवस. सिंगापूरच्या नॅशनल स्टेडियममध्ये सिंगापूर आणि भारत यांचा आशियाई कपाच्या पात्रतेचा सामना होता. आम्ही घरी टीव्हीपुढे बसलो. नातू लाल शर्ट घालून. मध्यंतराच्या जरा आधी सिंगापूरने गोल केला, नातू सोफ्यावर नाचला. अगदी शेवटी, नव्वदाव्या मिनिटाला, भारताच्या रहीम अलीने बरोबरी केली आणि मी नकळत टाळी वाजवली. नातू वळून बघायला लागला.

“आजी, तू कुणाच्या बाजूची?”

“मला काय माहीत रे बाबा. हात आपोआप वाजले.”

“पण इंडियाला फुटबॉल येतच नाही. जगात शंभराच्या पण खाली नंबर आहे त्यांचा.”

आता हे खोटं नाही. पण माझ्या पप्पांचा आत्मा माझ्यात जागा झाला असावा. मी म्हटलं, भारत एकदा ऑलिंपिकमध्ये चौथा आला होता, आणि त्या ऑलिंपिकमध्ये सर्वांत जास्त गोल करणाऱ्यांत एक मुंबईचा मुलगा होता, कुलाब्याच्या कूपरेज मैदानावर खेळणारा. नातवाने माझ्याकडे असं पाहिलं, जसं आम्ही वॉर्डमध्ये भूल उतरत असलेल्या पेशंटकडे बघायचो. मग त्याने फोनवर शोधलं. सापडलं. नाव नेव्हिल डिसोझा.

मी त्याला एकेरीत संबोधते आहे याचा राग मानू नये. पप्पा नेहमी “आपला नेव्हिल” म्हणत, मलाही तसंच येतं.

नेव्हिलचा जन्म ३ ऑक्टोबर १९३२ चा, गोव्यात बारदेशातल्या आसगावचा. तेव्हा गोवा पोर्तुगीजांचा होता. पण खेळाडू म्हणून तो घडला तो मुंबईत. त्या काळी मुंबईत गोवेकरांची केवढी वस्ती होती ते आपल्यापैकी माझगाव, डोंगरी, भायखळ्याच्या लोकांना सांगायला नको. धोबीतलाव आणि माझगावला त्यांची कुडं होती, म्हणजे एकेका गावच्या लोकांनी चालवलेल्या खोल्या. बोटीवर जाणारी माणसं दोन बोटींच्या मधल्या दिवसांत तिथे पथारी टाकत. आमचे पप्पा गोदीत कारकून होते, त्यामुळे दिवसभर त्यांचा संबंध याच मंडळींशी. फुटबॉलचं वेड त्यांना तिथूनच लागलं. क्रिकेट शेठलोकांचं, फुटबॉल आपलं, असं ते म्हणत.

मुलांनो, तेव्हा फुटबॉल खेळून कोणी श्रीमंत होत नसे. कंपन्यांचे संघ असत. टाटा स्पोर्ट्स क्लब, कॅल्टेक्स, वेस्टर्न रेल्वे. खेळाडू त्या कंपनीत नोकरीला. सकाळी टेबलाशी बसायचं, दुपारी लवकर सुट्टी घेऊन सरावाला पळायचं. मुंबईची हारवूड लीग पावसाळ्यात चाले, सारं मैदान चिखल. चेंडू चामड्याचा, आत ब्लॅडर आणि वर नाडी बांधलेली. पाऊस पडला की तो चेंडू पाणी पिऊन दगडासारखा जड होई, आणि तो डोक्याने मारायचा! नाडीची बाजू कपाळावर आली तर कपाळ फुटे. नर्स म्हणून आज विचार केला की अंगावर काटा येतो. नेव्हिल आधी टाटाकडून खेळला, मग कॅल्टेक्सकडून. पुढच्या फळीत मधोमध उभा राहणारा, ज्याला सेंटर फॉरवर्ड म्हणत. १९५४ साली मुंबईने पहिल्यांदाच संतोष ट्रॉफी जिंकली, फायनलमध्ये सैन्यदलाच्या संघाला २-१ ने हरवून, त्या संघात तो होता.

पण खरी गोष्ट मेलबर्नची.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले हे सगळ्यांना माहीत असतं, कारण जगाला ती गंमत वाटली. फ्रान्सकडून १-२ ने हरले, दोन पेनल्टी वाया घालवल्या. १९५२ ला हेलसिंकीत थंडीत युगोस्लाव्हियाने १०-१ ने झोडपलं. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. मग हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, मूळचे शाळामास्तर, त्यांनी संघ नव्याने बांधला. या रहीमसाहेबांवर २०२४ साली ‘मैदान’ नावाचा हिंदी सिनेमा आला, अजय देवगणचा. नातवाने तो पाहिला आहे म्हणे, पण अर्ध्यात झोपला. १९५६ च्या मेलबर्न संघात बंगालचे समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी कप्तान होते. पी. के. बॅनर्जी, बलराम, किट्टू, थंगराज असे एकेक मोहरे. मुंबईहून गोलरक्षक नारायण आणि आपला नेव्हिल.

पहिला सामना हंगेरीशी होता. हंगेरी म्हणजे मागच्या ऑलिंपिकचा विजेता. पण त्याच नोव्हेंबरात बुडापेस्टमध्ये रशियाचे रणगाडे शिरले आणि हंगेरीचा फुटबॉल संघ मेलबर्नला आलाच नाही. भारत न खेळता पुढे गेला.

इथे एक आठवण सांगते. १९८० च्या आसपासची असेल. माझ्या वॉर्डमध्ये एक हंगेरीहून आलेले गृहस्थ होते, खुब्याचं हाड मोडलेलं, स्वभावाने खवट. कोणत्याही नर्सशी धड बोलत नसत. मी ड्रेसिंग करताना त्यांनी विचारलं, तू कुठली? म्हटलं, मुंबईची, हिंदुस्थानची. ते जरा गप्प राहिले आणि मग हिब्रूत म्हणाले, “छप्पन साली आम्ही घर सोडून पळत होतो म्हणून तुम्ही पुढे गेलात, माहीत आहे ना?” मला क्षणभर कळेना हा माणूस कसला हिशेब मागतो आहे. मग उजेड पडला. मी म्हटलं, माहीत आहे, पण पुढे ऑस्ट्रेलियाला आम्ही स्वतः हरवलं, नेव्हिल डिसोझाने तीन गोल केले. ते पहिल्यांदा हसले. त्यानंतर रोज मला एक संत्रं ठेवत. त्यांच्याइतका लांबचा प्रवास करून कोणी फुटबॉलचा स्कोअर लक्षात ठेवला असेल असं मला वाटत नाही.

तर, १ डिसेंबर १९५६. तो शनिवार होता. मी आठ वर्षांची. आमच्या घरात शब्बाथला रेडिओ लागत नसे. मेलबर्नला सामना झाला तेव्हा मुंबईत सकाळ असणार, पण बातमी आमच्यापर्यंत यायला संध्याकाळ झाली. पप्पा दिवसभर गॅलरीत येरझाऱ्या घालत होते. बातमी विचारायची नाही, रेडिओ लावायला सांगायचं नाही, पण दुसऱ्याच्या घरातला रेडिओ कानावर पडला तर काय करणार, अशी त्यांची पळवाट. आई म्हणाली, “गॅलरीत उभे राहून शब्बाथ पाळता काय?” शेवटी दिवेलागणीच्या सुमारास समोरच्या घरातले गोवेकर काका स्वतःच जिना चढून आले आणि दारातूनच तीन बोटं वर केली. “तीन! एकट्या नेव्हिलने तीन!” पप्पांनी आकाशात तीन तारे दिसायची वाट पाहिली, हमावदील केलं, आणि चप्पल न घालता काकांकडे गेले. रात्री उशिरा परत आले. जेवले नाहीत. आनंदाने उपाशी राहिलेला माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

ते गोल पप्पा आम्हाला टेबलावर मिठाची वाटी आणि चमचे मांडून दाखवत. नवव्या मिनिटाला कप्तान बद्रूचा फटका गोलच्या खांबाला लागून परत आला, नेव्हिलने तो डोक्याने आत घातला. ऑस्ट्रेलियाच्या मॉरोने बरोबरी केली. मग उजवीकडून पी. के. ने चेंडू टाकला, नेव्हिल पोचला, २-१. पुन्हा मॉरोची बरोबरी. मध्यंतर झाला. पन्नासाव्या मिनिटाला चेंडू ऑस्ट्रेलियाच्या गोलकीपरच्या पायाशी होता. नेव्हिलने तो त्याच्या पायातूनच काढून घेतला आणि आत ढकलला. इथे पप्पा नेहमी मिठाची वाटी पाडत आणि आई ओरडे. शेवटी किट्टूने चौथा गोल केला. भारत ४, ऑस्ट्रेलिया २.

मुलांनो, एका सामन्यात एकाच खेळाडूने तीन गोल केले तर त्याला हॅटट्रिक म्हणतात. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा नेव्हिल हा पहिला आशियाई. आणि ऑलिंपिकच्या उपान्त्य फेरीत जाणारा भारत हा पहिला आशियाई देश. जपानला कांस्य मिळालं ते पुढे १९६८ ला. कोणी म्हणेल, लॉटरी लागली. तर त्याच डिसेंबरात सिडनीला ऑस्ट्रेलियाशी पुन्हा सामना झाला आणि भारताने ७-१ ने जिंकला.

उपान्त्य सामना ४ डिसेंबरला, युगोस्लाव्हियाशी. चार वर्षांपूर्वी ज्यांनी दहा गोल चढवले होते तेच. मध्यंतरापर्यंत कोणाचाच गोल नाही. मग बावन्नाव्या मिनिटाला पहिला गोल केला तो नेव्हिलने! पप्पा म्हणत, त्या दोन-चार मिनिटांपुरते आपण ऑलिंपिकच्या फायनलमध्ये होतो. पण युगोस्लाव्हियाने लगेच बरोबरी केली आणि बघता बघता तीन गोल झाले. चौथा तर आपल्याच एका खेळाडूच्या पायाला लागून गेला. १-४. त्या दिवशीही पप्पा जेवले नाहीत, हे दुसरं कारण.

७ डिसेंबरला कांस्यपदकाचा सामना बल्गेरियाशी, ०-३ ने गेला. पदक हुकलं. नेव्हिलचे स्पर्धेत चार गोल. युगोस्लाव्हियाचा व्हेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा मिलानोव यांचेही चारच. तिघे मिळून सर्वाधिक.

मग मुंबईत मिरवणूक का निघाली नाही, हार का पडले नाहीत, असं नातवाने विचारलं. प्रश्न बरोबर होता, आणि उत्तर मलाही इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. त्या रात्री तारखा जुळवून पाहिल्या तेव्हा कळलं. ६ डिसेंबर १९५६ ला भारताच्या हॉकी संघाने पाकिस्तानला १-० ने हरवून सुवर्णपदक मिळवलं. आणि त्याच दिवशी दिल्लीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर गेले. दुसऱ्या दिवशी, ७ तारखेला, मुंबईत त्यांची अंत्ययात्रा निघाली. मला अगदी आठवतं, आमच्या मजल्यावरून दिसत होतं, दादरकडे माणसंच माणसं चालली होती, पांढरे कपडे, कोणी रडत, कोणी नुसतं चालत. पप्पांच्या गोदीतले कितीतरी लोक कामावर आलेच नाहीत, पप्पाही अर्ध्या दिवसाने परत आले. त्या दिवशी मेलबर्नला बल्गेरियाने किती गोल केले हे मुंबईत कोणाला विचारायचं? बातमी आली असेल कुठेतरी आतल्या पानावर.

पप्पा माझ्या थोरल्या भावाला कूपरेजला न्यायचे. मुलींना नेत नसत. मी रडून रडून एकदा कबूल करून घेतलं, १९५९ साल असावं. ट्रामने गेलो. लाकडी बाकं, पावसाचं चिन्ह, पुढे धिप्पाड पोलिस बसलेला. मी सारखी विचारत होते, नेव्हिल कुठला, नेव्हिल कुठला. पप्पांनी बोट दाखवलं. मी त्या बोटाच्या टोकाला असलेल्या माणसाकडे सबंध सामना टक लावून पाहिलं, त्याला मनात साठवलं. घरी येताना भाऊ म्हणाला, “वेडे, तो दुसराच होता. नेव्हिल डावीकडे होता.” आजही मी नेव्हिल डिसोझाला पाहिलं आहे असं छातीठोकपणे म्हणू शकत नाही. खारे शेंगदाणे मात्र चांगले आठवतात.

कॅल्टेक्सने १९५८ साली रोव्हर्स कप जिंकला होता. रोव्हर्स म्हणजे मुंबईची सर्वांत मानाची स्पर्धा, कलकत्त्याचे मोठमोठे क्लब येत आणि बहुधा कप घेऊन जात. त्या वर्षी फायनलला मोहमेडन स्पोर्टिंग होते आणि कॅल्टेक्सने ३-२ ने हरवलं. एका पेट्रोल कंपनीच्या नोकरांनी! नेव्हिल त्या संघात होता. त्याचा भाऊ डेरेक हाही भारतासाठी खेळला. मुंबईतलं कॅल्टेक्स पुढे सरकारी कंपनीत विरघळलं, पण सिंगापुरात लाल चांदणीचे कॅल्टेक्सचे पंप अजून आहेत. आता नातू बसमधून जाताना पंप दिसला की ओरडतो, “आजी, तुझ्या नेव्हिलचा क्लब!” बसमधले चिनी लोक आमच्याकडे बघतात.

१९६० च्या रोम ऑलिंपिकच्या संघात नेव्हिल नव्हता. त्या संघात मुंबईहून टाटाचा फॉर्च्युनाटो फ्रँको होता, तोही मूळ गोव्याचाच. रोमनंतर भारताचा फुटबॉल संघ आजतागायत ऑलिंपिकला गेलेला नाही. १९६२ ला जकार्ताच्या आशियाई खेळांत मात्र रहीमसाहेबांच्या संघाने दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून सुवर्ण मिळवलं, फ्रँको त्यात खेळला. या स्पर्धेची एक बाजू आपल्या लोकांनी विसरू नये. इंडोनेशियाने इस्राएल आणि तैवानला स्पर्धेला येऊ दिलं नव्हतं. त्याविरुद्ध भारताच्या गुरुदत्त सोंधी यांनी आवाज उठवला, तर जकार्तात भारताच्या वकिलातीवर जमाव चालून गेला. फायनलला सबंध स्टेडियम भारताच्या विरुद्ध ओरडत होतं. आपल्या इस्राएलमधल्या किती मुलांना हे माहीत आहे? माझ्या मुलीलाही माहीत नव्हतं.

आणि आता ते पत्र.

माझे धाकटे मामा पन्नासच्या सुमारास इस्राएलला गेले होते, लोदला राहत. १९६४ च्या मेमध्ये आशियाई कप इस्राएलमध्ये झाला. चार संघ: इस्राएल, भारत, दक्षिण कोरिया, हाँगकाँग. चुनी गोस्वामी कप्तान. २७ मे रोजी हैफाला भारताने कोरियाला २-० ने हरवलं. आणि त्याच दिवशी दिल्लीत पंडित नेहरू गेले. मुंबईत आमच्या चाळीत रेडिओभोवती सगळे जमले होते, मी सोळा वर्षांची होते, आई पदराने डोळे पुसत होती. भारताचा फुटबॉल संघ त्या क्षणी कुठे आहे याचा विचार कोणाच्याही मनात येणं शक्य नव्हतं. पप्पांच्या मनात आला असेल कदाचित, ते बोलले नाहीत. दोन दिवसांनी, शुक्रवारी २९ मे रोजी, याफोच्या ब्लूमफील्ड मैदानावर भारत विरुद्ध इस्राएल.

मामा त्या सामन्याला गेले होते. निळ्या एअर-लेटरवर बारीक अक्षरात चारी बाजूंनी लिहिलेलं त्यांचं पत्र आलं ते पप्पांनी मोठ्याने वाचलं. ते वर्ष आठवा. आपल्या लोकांच्या लग्नांचा प्रश्न पेटलेला होता. तुम्ही पुरे यहुदी आहात की नाही असं आपल्याला विचारलं जात होतं, आणि त्याच उन्हाळ्यात आपली माणसं जेरुसलेमला धरणं धरून बसली, ऑगस्टमध्ये क्नेसेटने ठराव करून आपल्या बाजूने कौल दिला तेव्हा उठली. मामा अशा दिवसांत स्टेडियममध्ये बसले होते. त्यांनी लिहिलं होतं त्याचा सार असा: मी घरून निघालो तेव्हा इस्राएलच्या बाजूचा होतो. भारताचे खेळाडू मैदानात आले आणि माझा घसा दाटला. दोन दिवसांपूर्वी त्यांचे नेहरू गेले होते, माझेही. मग इस्राएलने पेनल्टीवर गोल केला आणि मी टाळ्या वाजवल्या, आणि लगेच चुनी पुढे धावला तर मी मराठीत ओरडलो, “जा रे, जा!” शेजारच्या माणसाने मला विचारलं, तू नक्की कुणाचा? मी म्हटलं, तू मॅच बघ.

इस्राएलने २-० ने जिंकलं. पुढे भारताने हाँगकाँगला ३-१ ने हरवलं आणि इस्राएल पहिला, भारत दुसरा आला. आशियाई कपात भारत इतका वर पुन्हा कधी गेला नाही. त्यानंतर वीस वर्षांनी, १९८४ साली, भारत या कपाला परत पात्र झाला, तो कप झाला कुठे, तर सिंगापूरला. इथे चार सामन्यांत एकही गोल झाला नाही. इराणशी ०-० हीच काय ती कमाई. म्हणजे भारताचा पहिला आशियाई कप माझ्या एका देशात आणि दुसरा माझ्या आताच्या मुक्कामी. यात अर्थ काही नाही, पण जुळवलं तेव्हा मजा वाटली.

पप्पांनी ते पत्र इस्राएलला येताना बरोबर आणलं होतं. घर बदलताना कुठे गेलं कळलं नाही. मीच हरवलं असावं.

नेव्हिल १६ मार्च १९८० ला गेला. वय सत्तेचाळीस. हे काय जाण्याचं वय आहे? मी तेव्हा एकतीस वर्षांची होते, रात्रपाळी करत होते, आणि ही बातमी मला सहा महिन्यांनी भावाच्या पत्रातून कळली. पप्पांना सांगावं की नाही असा विचार करत राहिले. शेवटी सांगितलं. ते म्हणाले, “पन्नासावं मिनिट आठवतं?” आणि जेवणाच्या टेबलावर मिठाची वाटी कुठे आहे ते बघायला लागले.

अर्जुन पुरस्कार १९६१ पासून सुरू झाला, फुटबॉलमध्ये पहिला मान पी. के. बॅनर्जींना मिळाला, तो योग्यच होता. नेव्हिलला मात्र तो कधी मिळाला नाही. वांद्र्याला त्याच्या नावाचं फुटबॉलचं हिरवं टर्फ आहे. भाचीने तिथून फोटो पाठवला, पोरं खेळत आहेत, फाटकावर नाव आहे. मी तिला म्हटलं, त्या पोरांना विचार हा कोण होता. तिने दोघांना विचारलं. एक म्हणाला, कोणीतरी आमदार असेल.

सिंगापूर आणि भारताचा दुसरा सामना १४ ऑक्टोबरला गोव्यात मडगावजवळ फातोर्ड्याला होता. आमच्याकडे सणाचा दिवस होता, टीव्ही बंद. नातू गॅलरीत येरझाऱ्या घालत होता. मी स्वयंपाकघरातून पाहिलं आणि मला हसू आवरेना, चालही तीच, हात मागे बांधलेले. सिमहाथ तोरा उतरल्यावर त्याने फोन उघडला. भारत १, सिंगापूर २. भारत बाहेर. तो ओरडला नाही, माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “आजी, सॉरी.” मग म्हणाला, “ते मिठाच्या वाटीचं दाखव ना परत.”

आता एक विनंती. २९ मे १९६४ चा याफोचा सामना पाहिलेले कोणी वाचक लोद, रामले, अश्दोद, बेर शेवा, दिमोना किंवा आणखी कुठे असतील, किंवा त्यांच्या मुलांकडे तिकीट, फोटो, एखादं पत्र असेल, तर कृपया संपादकांकडे कळवावे. विशेषतः ते मराठीत ओरडले होते की हिब्रूत, हे मला जाणून घ्यायचं आहे. नातवाशी पैज लागली आहे.